मोतीरामचा अ‍ॅम्प्लिफायर

एका गावात एक भोळा गिटारवाला होता. नाव मोतीराम, वय पस्तीस, लग्न व्हायचं होतं. शेजारगावचे तात्याबा गाण्याचे शौकीन. ते म्हणाले, "रविवारी येऊन गिटार ऐकतो. कानाला गोड लागली तर आमची लेक कमल तुम्हाला दिली."

नेमका तेव्हाच मोतीरामच्या अ‍ॅम्प्लिफायरचा घसा बसला. डबा जुना. आत काचेचे दोन व्हॉल्व्ह, ते तापले की आवाज निघायचा. दुरुस्तीवाले हनीफचाचा म्हणाले, "व्हॉल्व्ह थकलेत. काढ आणि नवे घाल."

मोतीरामने तासभर गिटार वाजवली आणि लगेच व्हॉल्व्हला हात घातला. बोटं भाजली.

"अरे, गार होऊ द्यायचं," चाचा म्हणाले. "मग हात लावायचा."

"बरं चाचा, लक्षात ठेवतो."

आणि त्याने खरंच लक्षात ठेवलं. घरी आईने वाफाळती पिठलं-भाकरी वाढली. मोतीराम तासभर ताटासमोर हाताची घडी घालून बसला.

"आरं, गार झाल्यालं कुनी खातं व्हय?" आई म्हणाली. "तव्यावर ठिवायचं, गरम करायचं, मग घ्यायचं."

"बरं आई, लक्षात ठेवतो."

दुसऱ्या दिवशी नवे व्हॉल्व्ह आले. हात लावून पाहिला तर गारढोण. मोतीरामने एक तव्यावर ठेवला. तो तडकला.

चाचांनी कपाळाला हात लावला. "काचेचा जीव आहे तो. कापडात गुंडाळून जपायचा."

"बरं चाचा, लक्षात ठेवतो."

तडकलेल्याच्या जागी दुसरा आणला. दोन्ही व्हॉल्व्ह आत बसवले, अ‍ॅम्प्लिफायरला आईच्या दोन गोधड्या गुंडाळल्या, वर सुतळी बांधली आणि सराव सुरू केला. तिसऱ्या गाण्याला धूर निघाला. एक व्हॉल्व्ह गेला, एक गोधडीही गेली. आईला गोधडीचं फार वाईट वाटलं.

शनिवार उजाडला होता. चाचांनी त्याला समोर बसवलं. "नीट ऐक. एकच नवा घालू नकोस. एक वापरलेला, एक कोरा, असं जमत नाही. सूर फाटतो. जोडीतला एक नवा आला की दुसराही नवाच पाहिजे."

"बरं चाचा, लक्षात ठेवतो."

या वेळी मात्र मोतीरामने सांगितलं तसंच केलं. दोन्ही व्हॉल्व्ह नवे. आवाज असा गोड निघाला, की रविवारी तात्याबांनी डोळे मिटून तीन गाणी ऐकली आणि लग्न ठरवून टाकलं. चाचांनाही भरून आलं.

लग्नाचा दिवस आला. मांडव भरला, अंतरपाट धरला. तात्याबा पाहतात तर पाटावर मुंडावळ्या बांधून मोतीरामचा चुलतभाऊ दशरथ उभा. मोतीराम कोपऱ्यात अ‍ॅम्प्लिफायरची वायर लावत होता.

"अहो जावईबापू," तात्याबा म्हणाले, "तुम्ही तिकडं काय करताय?"

"कमलताई नव्या," मोतीराम शांतपणे म्हणाला. "मी पस्तीस वर्षं वापरातला. सूर फाटेल. म्हणून दुसराही नवाच आणलाय. बावीस वर्षांचा आहे."

कमलने अंतरपाटावरून डोकावून दशरथकडे पाहिलं. मग मोतीरामकडे पाहिलं. मग पुन्हा दशरथकडे.

"चालंल," ती म्हणाली.

अक्षता पडल्या. मोतीरामने गिटार वाजवली आणि जमलेली सगळी माणसं म्हणाली, आवाज काय लागलाय.

"लागणारच," मोतीराम चाचांच्या कानात म्हणाला. "जोडी नवी आहे."