सोनबाच्या चौदा गोळ्या

एका गावात सोनबा नावाचा एक भोळा ताशेवाला होता. भोळा हे गावाचं म्हणणं. त्याची बायको हौसा दुसरा शब्द वापरायची, पण तो चारचौघांत उच्चारण्यासारखा नाही.

पिंपळदऱ्याच्या जत्रेत सोनबा आठ दिवस ताशा वाजवायला गेला. तिथे चहाची टपरी चालवणाऱ्या शेवंताशी त्याची ओळख झाली आणि ती ओळख टपरीमागच्या खोलीपर्यंत गेली. घरी आल्यावर त्याला लघवीला आग व्हायला लागली. तालुक्याच्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि आडपडदा न ठेवता सांगितलं, "हा संबंधातून लागणारा रोग आहे. बायकोला लागला तर पुढे मूल होणं अवघड. दोघांनीही गोळ्या घ्यायच्या. उद्या तिला घेऊन या. आणि गोळ्या संपेपर्यंत शरीरसंबंध बंद. समजलं?"

"समजलं की."

सोनबा मोठा आज्ञाधारक. घरी येऊन त्यानं आपल्या चौदा गोळ्यांच्या दोन वाटण्या केल्या आणि सात हौसाच्या हातावर ठेवल्या.

"कशाच्या ह्या?" हौसानं विचारलं.

खोटं बोलायला थोडी अक्कल लागते. त्यामुळे सोनबानं सगळं खरं सांगितलं, शेवंता चहात आलं किती घालते इथपर्यंत.

हौसा रडली. मग तिनं भांडी आपटली. मग डोळे पुसून म्हणाली, "मला अजून लेकरू व्हायचंय. एक डाव पदरात घेते. पुन्यांदा असं झालं तर माझी वाट म्हायेरची." आणि दुसऱ्या दिवशी दंडाला धरून त्याला दवाखान्यात नेलं.

"अहो, अर्ध्या गोळ्यांनी कुणीच बरं होत नाही," बाई म्हणाल्या. "या चौदा तुमच्या, या चौदा त्यांच्या. आपल्या सगळ्या आपणच घ्यायच्या. एकही वाटायची नाही. समजलं?"

"समजलं की."

त्याच संध्याकाळी पाटलांच्या नातवाचं बारसं होतं. वाटायला म्हणून पेढ्यांचं ताट सोनबाच्या हातात दिलं. तो ओट्यावर मांडी घालून बसला आणि एकटाच खात सुटला. पाटलीणबाई ओरडल्या, तेव्हा शेवटचा पेढा तोंडात टाकत म्हणाला, "डाक्टरीणबाईंनी बजावलंय. एकबी वाटायचा न्हाई."

घरी आल्यावर त्याच्या डोक्यात आलं, बंदी गोळ्या संपेपर्यंत आहे, तर लवकर संपवायला काय हरकत? तांब्याभर पाण्याबरोबर त्यानं चौदाच्या चौदा गिळल्या आणि हसतमुखानं हौसाला सांगितलं, "संपल्या!" हौसानं आतून कडी लावली. सोनबा दोन दिवस पोट धरून लोळला.

डॉक्टरीणबाईंनी कपाळावर हात मारला आणि नव्या चौदा गोळ्या दिल्या. "रोज एक! चौदा दिवस, रोज फक्त एक. समजलं?"

"समजलं की."

त्याच आठवड्यात गावात एक वरात होती. घोडा सजला, नवरदेव चढला. सोनबानं ताशावर एक टिपरू मारलं आणि काड्या काखेत घालून उभा राहिला.

"वाजव की रं!" नवरदेवाचा मामा ओरडला.

"वाजवलं न्हवं? रोज एक. चौदा दिसांत वरात पुरी करून देतो."

मामानं त्याच्या पाठीत जे घातले, ते मात्र एकावर थांबले नाहीत.

पण हौसा खमकी. रोज सकाळी ती त्याच्या हातावर एक गोळी ठेवायची, एक आपण घ्यायची आणि दिवेलागणीला कडी लावायची. चौदा दिवस सरले. बाईंनी पुन्हा तपासलं आणि म्हणाल्या, "दोघंही बरी आहात. आता एकच काम राहिलं. त्या शेवंतालाही सांगून या. तिनंही तपासून औषध घ्यायला हवं."

हौसाला हे गिळायला जड गेलं. तरी ती म्हणाली, "जावा. तिचाबी जीवच हाय. सांगा आनि उलट्या पावली माघारी या."

उलट्या पावलांना तीन दिवस लागले. आणि पुढच्या आठवड्यात सोनबा पुन्हा बाईंसमोर बसला होता. लघवीला आग होत होती.

बाईंनी आधी हौसाकडे पाहिलं. "तुम्ही दोघं या दिवसांत...?"

"न्हाई बाई. कडी अजून लावतेच मी."

बाईंनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि सोनबाकडे वळल्या. "तुम्ही शेवंताला सांगितलंच नाहीत ना?"

"सांगितलं की!" सोनबाला अपमान वाटला. "पयलं तेच सांगितलं. दुपारी दवाखान्यात नेली, पयली गोळी माझ्या हातानं दिली."

"मग?"

"मग काय? गोळ्या संपस्तोर संबंध बंद, म्हनाला व्हता तुमी. माझ्या तर संपल्या व्हत्या."

बाईंनी कागद पुढे ओढला. मग नव्या गोळ्या लिहून देत म्हणाल्या, "आता पुन्हा चौदा दिवस बायकोपासून लांब."

हौसा उठली. पिशवी उचलली, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि मागे न बघता दवाखान्याबाहेर पडली. समोरच्या स्टँडवर तिच्या माहेरची एसटी उभी होती, तिच्यात जाऊन बसली. गाडी हलली.

सोनबानं खिडकीतून सगळं पाहिलं. त्याची छाती फुगली.

"बघितलंसा बाई? तुमी लांब म्हनायचा अवकाश, निघालीसुदा! माझी बायको औषधपान्याला लई शिस्तीची हाय."