कौतुकाचा सांधा

एकदा एका वृद्ध मिस्त्रींनी फार जुन्या मोटारीचे इंजिन आपल्या शिष्यावर सोपवले. शिष्याने ते सुटे करून पुन्हा जुळवले आणि ते सुरूही झाले. दुसऱ्या दिवशी गाडीच्या मालकांची लेक त्याच गाडीतून सासरी जायची होती.

पण इंजिनाला पेट्रोल पुरवणाऱ्या पंपाखाली थेंब ठिबकत होते. जवळूनच धुराची तापणारी नळी, एक्झॉस्ट, जाते. तिथे पेट्रोल गळणे म्हणजे जिवाशी खेळ. शिष्याने पंपाचा सांधा आवळला, वायसर बदलला, रबरी नळी नवी घातली. ठिबकणे काही थांबेना. "दुकानदारानं मालच हलका दिलाय," तो चिडून म्हणाला.

मिस्त्रींनी इंजिन गार होऊ दिले. कार्बुरेटरचे तोंड फडक्याने बांधले आणि खडूची भुकटी सगळ्या इंजिनावर उधळली. खपून खपून लखलखीत केलेल्या इंजिनाची ती दशा पाहून शिष्याचा जीव तुटला.

"आता पंपाचा दांडा हातानं हलव आणि बघत राहा," मिस्त्री म्हणाले.

भुकटीवर ओली रेघ उमटली. ती पंपापाशी सुरू होत नव्हती. कार्बुरेटरजवळच्या तांब्याच्या नळीच्या सांध्यातून निघून ती त्याच नळीच्या अंगाने खाली उतरत होती. तो सांधा शिष्याने स्वतः घडवला होता, आणि मिस्त्रींनी चारचौघांत त्याची वाहवा केली होती.

शिष्याची मान खाली गेली.

"सांधा चांगलाच होता रे," मिस्त्री म्हणाले. "पण हादऱ्यांनी चांगल्यालाही तडा जातो. तू दुसऱ्यांनी केलेलं सगळं खोलून पाहिलंस. हा तेवढा राहिला, कारण मी याला नावाजलं होतं. ज्याचं कौतुक झालं, ते तपासायचं आपण सोडून देतो."

शिष्याने ती नळी कापली आणि सांधा नव्याने घडवला. संध्याकाळी मालक गाडी न्यायला आले.

"गाडी चालते आहे ना? मग द्या की!"

"चालते, पण माझ्याच हातचा सांधा गळत होता," शिष्य म्हणाला. "तुमच्या लेकीला बसवण्याइतकी खात्री मला अजून नाही. सकाळी चालवून, एकेक सांधा बघून मगच देईन."

मालक कुरकुरत परतले. मिस्त्रींच्या ओठांवर शाब्बासकी आली होती, ती त्यांनी गिळली. शिष्याला ती पोचली.