डास नसलेला डोह

दोन डोंगरांच्या बेचक्यात सागाचे दाट रान होते. त्या रानात एक रानम्हैस, तिचा रेडा, थोरली लेक आणि धाकटे रेडकू असे चौघांचे कुटुंब राहत असे. म्हैस मोठी मायाळू होती. पण मुलांनो, तिला एक खोड होती. कशावरूनही बोलणे निघाले, तरी ती फिरून आपल्या लहानपणात जाऊन पोहोचायची. हिरवे गवत मिळाले, तर म्हणायची, "बरं आहे, पण आमच्या डोहावरच्या गवताची गोडी नाही याला." गार वारा सुटला, तर म्हणायची, "आमच्या डोहावर हा असा वारा रोज असायचा."

हा डोह तीन दिवसांच्या वाटेवर होता. म्हैस लहान असताना तिची आई तिला आणि तिच्या बहिणींना घेऊन दर उन्हाळ्यात तिथे मुक्कामाला जात असे. पुढे आई गेली, बहिणी आपापल्या कळपांत पांगल्या, आणि डोह राहिला तो म्हशीच्या बोलण्यात. दुपारी सावलीत रवंथ करताना मुले तिच्याभोवती बसत आणि ती सांगत राही.

"आई आम्हाला रोज ऊन कललं की चिखलात लोळायची शर्यत लावायची. जिचं अंग आधी पुरतं माखेल ती जिंकली! मग सुवासिक पाल्याच्या गादीवर बसवायची. आणि सूर्य बुडायच्या आत आम्हाला उंच कातळावर न्यायची. तिथून नदी अशी दिसायची, की बघतच राहावं."

"आणि डास, आई?" धाकट्याने एकदा विचारले. त्याच्या पाठीवर तेव्हा चार गांधी उठल्या होत्या.

"डास? तिथे औषधालासुद्धा डास नव्हता!" म्हैस म्हणाली. हे ती अगदी मनापासून बोलली. तिच्या आठवणीत खरोखरच एकही डास नव्हता.

त्या वर्षी चैत्रातच ओढा आटला. म्हैस रेड्याला म्हणाली, "अहो, यंदा मुलांना डोहावर नेऊ या. मी किती वर्षं म्हणतेय."

रेड्याची ना नव्हती. तो शांत, बोलायला कमी आणि चालायला दमदार. एवढेच म्हणाला, "वाटेत ओलं तळं आहे. अंगाला चिखल घेऊन जाऊ. पाण्याची जागा म्हटली की किडा आलाच."

"छे हो! माझ्या डोहावर जायचं आणि आधीपासूनच मळकं व्हायचं? स्वच्छ अंगाने चला."

रेड्याच्या पाठीवर एक बगळा नेहमी बसलेला असे. गोमाशा टिपणे हा त्याचा उद्योग. तो म्हणाला, "वहिनी, मी येऊ का बरोबर? उपयोग होईल."

"नको भाऊजी," म्हैस हसून म्हणाली, "तिथे तुम्हाला खायला काही मिळायचं नाही. उगीच उपास घडेल."

चौघे निघाले. तिसऱ्या दिवशी दुपारी नदीचे वळण आले आणि म्हैस जागीच थबकली. डोह होता तसाच होता. काळेशार पाणी, काठाला लव्हाळी, पलीकडे करंजाची रांग, आणि वर तो उघडा कातळ. पाण्यावरून आलेला वास तिच्या नाकात शिरला मात्र, तिचे डोळे भरून आले. आत्ता त्या करंजामागून आई येईल आणि म्हणेल, "किती उशीर केलात गं पोरींनो," असे तिला क्षणभर वाटून गेले. कुणी आले नाही. वाऱ्याने लव्हाळी तेवढी हलली.

"हाच का गं तो डोह?" थोरलीने विचारले.

"हाच," म्हैस म्हणाली.

मुले उधळली. पाण्यात डुंबली, कमरेएवढ्या गवतात लपाछपी खेळली, साचलेल्या डबक्यांत उड्या मारल्या. म्हैस कौतुकाने बघत होती. ऊन कलले, तरी तिने कुणाला हाक मारली नाही. खेळू देत, सुट्टीच आहे, असे तिला वाटले. सूर्य टेकला आणि लव्हाळ्यांतून एक बारीक गुणगुण सुरू झाली. बघता बघता तिचा मोठा सूर झाला. डासांचा ढगच उठला आणि चौघांवर येऊन बसला.

"आई, चावतंय!" धाकटे ओरडले.

"आज वारा पडलाय ना, म्हणून," म्हैस म्हणाली.

दुसऱ्या दिवशी वारा होता, तरी काठाच्या आडोशाला डास होतेच. "कुठूनतरी वाट चुकून आले असतील," ती म्हणाली. तिसऱ्या दिवशी थोरलीच्या कानामागे गवतातले गोचीड फुगून बसलेले दिसले, आणि धाकट्याचा एक डोळा सुजून बंद झाला. लहानग्याने चरणे सोडले. ते आईच्या पोटाशी येऊन उभे राही आणि सारखे पाय आपटी.

रेडा म्हणाला, "परत जाऊ या. पोर सुकलंय."

म्हशीचा पारा चढला. "माझ्या डोहाला नावं ठेवता? सगळं आयुष्य मी या जागेची वाट बघितली!"

"जागेला कोण नावं ठेवतंय? मी डासांबद्दल बोलतोय."

"इथे डास नव्हते!" म्हैस म्हणाली, आणि तिचा आवाज एकाएकी बारीक झाला. "नव्हतेच हो. मला चांगलं आठवतंय."

रेड्याने नुसती आपली शेपूट धाकट्याच्या पाठीवरून फिरवली.

चौथ्या दिवशी भर दुपारी गोमाशा आल्या. मुलांनो, डासाचा चावा खाजतो; गोमाशीचा चावा म्हणजे जळता काटाच. धाकट्याच्या पाठीवर एकदम सात-आठ बसल्या. त्याने शेपूट उभी केली, डोळे मिटले आणि जीव घेऊन ते धावत सुटले. "थांब! तिकडे नको!" म्हैस ओरडली, पण चाव्यांनी पिसाळलेल्या पिल्लाला काय ऐकू येणार? ते काठाकाठाने धावत गेले आणि डोहाच्या खालच्या अंगाला असलेल्या दलदलीत पोटापर्यंत रुतले. हलावे तसे आणखी खाली जाऊ लागले.

म्हैस त्याच्यामागे उडी घेणार, इतक्यात एका खडकावरून खणखणीत आवाज आला, "सरळ जाऊ नकोस! तूही रुतशील. उजवीकडून जा, तिथे खाली दगड आहे."

तिने मान वळवली. खडकावर एक भले थोरले, जुने कासव बसले होते. विचार करायला वेळ नव्हता. रेडा उजवीकडून उतरला. खरोखरच त्याच्या खुरांना खाली दगड लागला. छातीइतक्या चिखलात जाऊन त्याने पिल्लाच्या पोटाखाली शिंगे घातली. म्हैसही दगड चाचपत दुसऱ्या बाजूला उभी राहिली, थोरली मागून कपाळाने रेटू लागली. "पाय झाडू नकोस रे राजा, स्वस्थ राहा, मी आहे," म्हैस म्हणत होती. पिल्लू एकदा वर यायचे, दोनदा खाली जायचे. अखेर रेड्याने असा काही हिसडा दिला, की पिल्लू चिखलासकट काठावर येऊन पडले.

चौघेही धापा टाकत होते. म्हैस पिल्लाचे तोंड चाटू लागली, आणि चाटता चाटता थांबली. गोमाशा अजून भोवती होत्या. पण त्या पिल्लाच्या अंगावर बसत, चिखलावर दोन पावले चालत आणि उडून जात. बसत होत्या त्या फक्त त्याच्या चेहऱ्यावर, जिथला चिखल तिने नुकताच चाटून काढला होता.

"आता कसं ओळखीचं दिसतंय," कासव म्हणाले. "तुझ्या आईची पोरं अशीच असायची. नखशिखांत माखलेली."

"तुम्ही माझ्या आईला ओळखत होता?"

"न ओळखायला काय झालं? तूच ना ती मधली, माझ्या पाठीवर पाय देऊन काठ चढणारी?"

"मामा!" म्हैस उठून खडकाशी गेली. लहानपणी सगळ्या बहिणी त्याला मामा म्हणत. "मामा, सांगा ना, हे डास कधी आले हो इथे? आमच्या वेळी नव्हते."

कासवाने मान जरा बाहेर काढली आणि तिच्याकडे नीट पाहिले. "पोरी, डास तेव्हाही होते. एवढेच होते. एखादवेळी जास्तच असतील."

"नाही, मामा. आम्ही तर दिवसभर खेळायचो. चिखलात लोळायची शर्यत—"

"ती शर्यत कधी लागायची?"

"ऊन कललं की."

"आणि डास कधी उठतात?"

म्हैस मान वळवून लव्हाळ्यांकडे बघू लागली.

"सुवासिक पाला म्हणजे निर्गुडी," कासव सांगू लागले. "त्या वासाला डास लवकर जवळ येत नाही. तुझी आई पार वरच्या ओढ्यापर्यंत जाऊन ती शिंगांनी मोडून आणायची. उंच कातळावर न्यायची, कारण तिथे वारा असतो, वाऱ्यापुढे डासाचं काही चालत नाही. त्या दाट गवताकडे तुम्ही कधी खेळल्याचं आठवतं?"

"आई म्हणायची, तिथे गवताची राणी झोपलीय, तिला उठवायचं नाही."

"राणी कसली, गोचीड होते तिथे! पण पोरांना भीती घालून सुट्टी कशाला नासवायची, असं ती म्हणायची. सगळ्याचा खेळ केला तिने."

म्हशीला इतकी वर्षे जपलेल्या एकेका आठवणीच्या पाठीमागे आता आई उभी दिसू लागली. पाला तोडून आणणारी, पोरींना हाका मारून गोळा करणारी.

"आणि तिला स्वतःला?" तिने हळूच विचारले. "तिच्या पाठीला चिखल कोण लावायचं?"

"कोण लावणार? तुम्ही कातळावर पोहोचलात की ती वाऱ्याच्या आडोशाच्या बाजूला, काठाकडे तोंड करून उभी राहायची. येणारा डास आधी तिच्यावर बसावा म्हणून. शेपूट तुमच्यावरून फिरवायची. तिचे कान आठवतात तुला?"

आठवत होते. आईच्या कानांना बारीक बारीक भोके होती आणि कडा झिजलेल्या होत्या. उन्हात त्या कानांतून उजेड ठिपक्याठिपक्यांनी खाली पडायचा आणि मुली तो पकडायला धावायच्या. आईचे कान जन्मापासूनच तसे नक्षीदार आहेत, असे त्यांना वाटायचे.

म्हैस खडकावर मान टेकून रडली. रेडा जवळ येऊन उभा राहिला. थोड्या वेळाने तिने डोळे पुसल्यासारखी मान झटकली आणि म्हणाली, "अहो, तुम्ही निघतानाच चिखल घ्या म्हणत होता. मी ऐकलं नाही."

"आता घेऊ की," रेडा म्हणाला. "चिखलाचा कुठे दुष्काळ आहे?"

ऊन कलायला लागले होते. म्हशीने काठावरची चिकण माती खुराने उकरली, पाणी मिसळून मऊ केली आणि मुलांना हाक मारली, "चला, शर्यत! कोण आधी माखतंय?" धाकटे सुजल्या डोळ्याने का होईना, पण हसले, आणि तीन दिवसांनी प्रथमच त्याने उडी मारली. थोरली मात्र लोळता लोळता थांबली. तिने मामांचे बोलणे सगळे ऐकले होते.

म्हैस वरच्या ओढ्यापर्यंत गेली. वाट चढणीची होती, निर्गुडीच्या फांद्या चिवट होत्या, दोनदा तिच्या तोंडातून भारा सुटला. आई रोज हे करत होती आणि परत आल्यावर हसत होती, हे तिला त्या चढावर प्रथमच कळले. ती आली तेव्हा रेड्याने मुलांच्या कानांमागचे उरलेले गोचीड शोधून काढले होते. सूर्य टेकायच्या आत चौघे कातळावर पोहोचले. खाली लव्हाळ्यांतून गुणगुण उठली, वर आली, वाऱ्यात अडखळली आणि मागे फिरली.

दोन दिवसांत धाकट्याचा डोळा उघडला. ते चरू लागले, मग दांडगाई करू लागले. पुढचा महिनाभर त्या कुटुंबाने डोहावर असा मुक्काम केला, की परतीचे नाव निघाले तरी मुले रुसून बसत. चावे अगदी बंद झाले असे नाही. एखादा चुकार डास घुसायचाच. पण कुणी सुकले नाही, की कुणी उधळून धावले नाही.

निघायच्या आदल्या दिवशी संध्याकाळी सगळे कातळावर बसले होते. धाकटे पाल्यावर पेंगत होते. म्हैस आडोशाच्या बाजूला, काठाकडे तोंड करून उभी होती. थोरली उठली, तिच्याजवळ गेली आणि तिच्याकडे वर बघत राहिली.

"आई, तुझ्या कानांना चिखल नाही लावलास."

"असू दे गं. मला सवय आहे."

"सवय कसली? रक्त आलंय. खाली वाक."

"अगं, सकाळी बघू—"

"वाक म्हटलं ना!"

म्हैस वाकली. थोरली धावत खाली गेली, मुस्काटभर चिखल घेऊन आली आणि आईच्या एका कानाला, मग दुसऱ्या कानाला, आतून-बाहेरून, सावकाश लावू लागली. चिखल गार होता. म्हशीने डोळे मिटून घेतले. "अजून थोडा इथे," ती म्हणाली आणि मान आणखी खाली केली.

तात्पर्य : लहानपणीचे सुख आपोआप मिळालेले नसते, ते कुणीतरी स्वतः चावे सोसून दिलेले असते. त्या सुखाची नुसती आठवण काढू नये, त्यामागची काळजी शिकून घ्यावी आणि काळजी घेणाऱ्याचीही काळजी घ्यावी.