पडद्याकडे पाठ

एकदा एका गावच्या यात्रेत एका लाकडी शेठने भर सभेत पादून घेतले, आणि समोर बसलेल्या खऱ्या शेठने नाक मुरडले. गोष्ट एवढ्यावरच संपली असती. पण खरा शेठ गावातला मोठा व्यापारी होता, आणि मोठ्या माणसाचे मुरडलेले नाक सरळ करायला सगळ्या गावाला कामाला लागावे लागते.

खेळ होता कळसूत्री बाहुल्यांचा आणि करणारा होता लक्षुबा. दरवर्षी यात्रेला तो येई, देवळाच्या पटांगणात बांबू रोवी, पडदा ताणी आणि मागे उभा राहून दोऱ्यांच्या टोकाला सगळे जग नाचवी. त्याच्या जगात एक ढेरपोट्या शेठ होता. तो वाकून नमस्कार करायला गेला की पडद्यामागून पिपाणी वाजे, आणि शेठ स्वतःच दचकून आपल्या मागे कोण आहे ते बघे. एक फौजदार होता. चोर त्याची पगडी घेऊन पळाला तरी तो मिशीला पीळच देत राही. शेवटी येत दगडू आणि त्याची बायको ठकी. ठकीची भाकरी करपली की दगडू काठी घेऊन तिच्यामागे लागे, आणि रट्टे ढोलकीच्या ठेक्यावर पडत. शिव्या होत्या, शेंबूड होता, ढुंगण होते. थोडक्यात, तुमच्या-आमच्या घरी जे जे असते ते सगळे होते.

व्यापाऱ्याने दुसऱ्या दिवशी सकाळी पंचांना गाठले. "माझं काही नाही हो," तो म्हणाला, "पण लेकरं बघतात. संस्कार नावाची काही चीज आहे की नाही?"

लाकडी शेठच्या पोटावर यंदा लाल रेशमी उपरणे चढले होते आणि तसेच उपरणे याच्याही पोटावर होते, हे तो बोलला नाही. पंचांनाही ते दिसले नाही, कारण यात्रेतल्या दिव्यांचे तेल त्याच्याच दुकानातून येई, आणि फुकटच्या उजेडात सगळेच दिसते असे नाही.

मग पंच जे नेहमी करतात तेच त्यांनी केले. निवाडा दुसऱ्याच्या गळ्यात घातला.

गावाबाहेर नदीकाठी एक वृद्ध गुरू राहत. त्यांचा एक शिष्य होता. शिष्य म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे मिसरूड न फुटलेला पोरगा आला असेल, तर तो पुसून टाका. हा चाळिशी ओलांडलेला, कानशिले पिकलेला, एका मुलीचा बाप. गावातल्या मुलांना शिकवी म्हणून सगळे त्याला मास्तर म्हणत. पाठांतर चोख, उच्चार शुद्ध, आणि हसायचे झालेच तर ओठ मिटून हसे. जणू आत कोणी झोपले आहे आणि आवाजाने जागे होईल.

"मास्तर, खेळ तुम्हीच बघा," पंच म्हणाले. "मुलांना दाखवण्याजोगा आहे की नाही, तुम्ही ठरवाल ते आम्हाला मान्य."

दुपारी लक्षुबा त्याच्या दारात येऊन उभा राहिला. बसला नाही, दिलेले पाणीही प्यायला नाही.

"येक सांगून जातो, मास्तर. आमच्यात रीत हाय. ज्या गावानं खेळ मोडला, त्या गावच्या नदीत बाहुल्या सोडून द्यायच्या. मोडलेला खेळ घेऊन फुडल्या गावाला जायचं न्हाई."

"अरे, असं कसं? दुसरीकडे कर की. मी काही तुझ्या पोटावर..."

"पोटाचं बघंन मी. पर शेठ माझ्या आज्यानं कोरलाय." लक्षुबा जरासा हसला. "त्याला पोहता येत न्हाई. येवढं पोट हाय, तरंगंल मात्र बराच येळ."

आणि तो निघून गेला. मास्तर दुपारच्या भरल्या ताटावरून उठला. एकीकडे गावची मुले, त्यात त्याची स्वतःची सगुणा; दुसरीकडे नदीत तरंगत जाणारे ते पोट.

संध्याकाळी तो खेळाला गेला. पहिल्या रांगेत, पाठ ताठ, सगुणा मांडीशी. पिपाणी वाजली तेव्हा त्याने डोळे मिटले. सगुणा किंचाळून हसली तेव्हा तिच्या पाठीवर हात ठेवून तिला शांत करायचा प्रयत्न केला. पण तुम्ही कधी उतू जाणाऱ्या दुधाला हाताने थोपवले असेल तर पुढचे सांगायला नको. फौजदाराची फजिती पाहून त्याचा जीव खालीवर झाला. शेवटी ठकी आणि दगडू आले, घरातलेच काही सुरू झाले, घाण शब्द थांबले, ढोलकी छान लागली, आणि त्याला कुठे जरा मोकळे वाटले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो नदीवर गेला. गुरू धोतर पिळत होते. त्यांनी न विचारताच एक टोक त्याच्या हातात दिले.

"निर्णय झाला, गुरुजी. खेळ अश्लील आहे. वाटतील ते शब्द, थोरांची टवाळी, आणि ते... ते आवाज. मुलांना योग्य नाही. बाहुल्यांचं वाईट वाटतं, पण माझा नाइलाज आहे."

"बसला कुठे होतास?"

"पहिल्या रांगेत."

"तोंड कुठे होतं?"

"पडद्याकडे. आणखी कुठे असणार?"

गुरूंनी असा काही पीळ दिला की टोक शिष्याच्या हातून निसटले आणि ओले धोतर फाडकन त्याच्या तोंडावर बसले. "मग तू अजून काहीच पाहिलेलं नाहीस," ते शांतपणे म्हणाले. "संध्याकाळी मीही येतो."

दिवे लागायच्या सुमारास गुरू बगलेत पाट मारून पटांगणात आले. सगळ्यांना ओलांडून थेट पडद्यापाशी गेले, तिथे पाट टाकला आणि पडद्याकडे पाठ करून बसले. शिष्यालाही हात धरून शेजारी बसवले. सारे गाव खो खो हसले.

"गुरुजी, खेळ तुमच्या मागं हाय!" कोणीतरी ओरडले.

"ठाऊक आहे. तू तिकडचा बघ, मी इकडचा बघतो. दोघांचा मिळून एक पुरा होईल."

शिष्याचे कान लाजेने लाल झाले. समोर मुले बसली होती, त्यांच्यामागे मोठी माणसे, आणि हा मध्येच त्यांच्याकडे तोंड करून, जणू याचाच खेळ आहे. पण खेळ सुरू झाला आणि त्याची लाज हळूहळू विरली, कारण समोरचा खेळ खरोखरच पाहण्यासारखा होता.

त्याच्या पाठीमागे पिपाणी वाजली. मुलांचे चेहरे फुटाण्यासारखे फुटले. दात पडलेली तोंडे उघडली, एक जण शेजारच्यावर कोसळला, दुसऱ्याने स्वतःची टोपी चावली. पण कोणाचेही डोळे पडद्यावरून हलले नाहीत. फौजदार आला, पगडी गेली, तरी तेच. मध्ये काही बोलणी अशी झाली की मागची मोठी माणसे एकमेकांना कोपरे मारून हसली. तेव्हा मुले मान खाजवत आणि नाक कोरत शेठची वाट बघत राहिली.

मग ढोलकी वाजली. भाकरी करपली. पहिला रट्टा पडला.

मागे मोठा हशा उसळला. आणि शिष्याने पाहिले, मुलांचे हसू मिटले होते. एकेक करून सगळ्या चिमुकल्या माना मागे वळल्या. मागे बापांचे दात दिसत होते, आया तोंडाला पदर लावून हसत होत्या. मुलांनी ते नीट पाहिले, पुन्हा पुढे वळली आणि मग हसली. ते हसू उशिरा आले होते, आणि विचारून आले होते.

सगुणा मात्र मागे वळली नाही. तिचा बाप तिच्या समोर होता. तिने सरळ त्याच्या तोंडाकडे पाहिले.

तेव्हा कुठे शिष्याच्या ध्यानात आले की त्याचे स्वतःचे ओठ मिटलेले आणि ताणलेले आहेत. ढोलकीच्या ठेक्यावर, नेहमीच्या सवयीने, तो हसत होता. सगुणाने ते पाहिले. आणि तिनेही ओठ मिटून, हुबेहूब त्याच्यासारखे, हसून दाखवले.

खेळ संपला तरी तो जागचा हलला नाही. पटांगण रिकामे झाल्यावर गुरूंनी विचारले, "काय पाहिलंस?"

त्याने सांगितले. स्वतःचे हसूही सांगितले. ते सांगताना त्याचे शुद्ध उच्चार जरा अडखळले.

गुरू म्हणाले, "बाळ, पिपाणीला मुलांनी कोणाची परवानगी विचारली नाही. ते त्यांचंच आहे. पाळण्यात असल्यापासून त्यावर ती हसत आली आहेत. मूल पडद्याकडे बघून हसतं तेव्हा ते खेळत असतं. वळून आपल्याकडे बघतं तेव्हा ते शिकत असतं. तिथे बाहुली गुरू नसते, आपण असतो. तू बाहुल्यांची परीक्षा घ्यायला गेलास, आणि जे शिकवत होते ते मागे बसून दात काढत होते."

"मग खेळ वाईट की चांगला?"

"खेळाचं काय घेऊन बसलास! प्रेक्षक वाईट आहेत."

दुसऱ्या दिवशी पंच जमले, व्यापारी जमला, लक्षुबा बाहुल्यांची पेटी घेऊनच आला. नदीकडे जायचे झाले तर परत हेलपाटा नको म्हणून. शिष्य उभा राहिला.

"खेळ मुलांना योग्य आहे," तो म्हणाला. "मोठ्यांना नाही. आज पटांगणाला कापडाची कनात लावू. मुलं आत बसतील, मोठी माणसं बाहेर."

एकच गलका उडाला. व्यापाऱ्याचे उपरणे घसरले. "मी बाहेर? मास्तर, अहो तेल माझं..."

"शेठजी, हे तुमच्याच सांगण्यावरून," शिष्य हात जोडून म्हणाला. "मुलांवर वाईट संस्कार होऊ नयेत म्हणून."

कोपऱ्यात बसलेल्या गुरूंना एकाएकी खोकल्याची उबळ आली आणि ती बराच वेळ आवरेना.

संध्याकाळी पटांगणाभोवती कनात लागली. आत नुसती मुले. शिष्यही मोठ्यांतच मोडत असल्यामुळे त्याची रवानगी पडद्यामागे, लक्षुबाशेजारी दिवा धरायला झाली. शेठ आला, गाजला. फौजदार आला, गाजला. ढोलकी वाजली, भाकरी करपली, रट्टा पडला.

हशा आला नाही.

काही माना मागे वळल्या असतील. पण मागे नुसती कनात होती. दुसरा रट्टा पडला. लक्षुबाचे हात दोऱ्यांवर थबकले. आज्याच्या काळापासून या रट्ट्यांवर हशा पांघरलेला असे. आज पांघरूण नव्हते, आणि खाली काय आहे ते त्याला पहिल्यांदाच ऐकू आले.

त्या शांततेत सगुणाचा आवाज आला. "भाकरी करपली तर काय झालं? माझी आई तर रोज करपवते!"

कनातीबाहेर बायका फिस्सकन हसल्या, आणि त्यांतली एक बाई अजिबात हसली नाही.

"मारू नको रे तिला!" दुसरे एक पोर ओरडले. "शेठला बोलवा! शेठला बोलवा!" मग सगळीच ओरडू लागली.

लक्षुबा घामाघूम झाला. "मास्तर, आता?"

"शेठला आण!"

"आणतो, पर दोन्ही हात अडकलेत माझे. पिपाणी?"

पिपाणी लक्षुबाच्या गळ्यात लोंबत होती. शिष्याने दिवा खाली ठेवला. ज्या मुखातून आजवर एकही अशुद्ध अक्षर बाहेर पडले नव्हते त्या मुखाला त्याने पिपाणी लावली. शेठ धावत आला, दगडूकडे पाठ करून मुलांना वाकून नमस्कार केला, आणि शिष्याने सगळा श्वास एकवटून फुंकले.

असा आवाज त्या यात्रेत पूर्वी कधी झाला नव्हता. दगडू उडून पडद्यापलीकडे गेला, काठी खाली पडली, ठकीने ती चुलीत घातली. मुले ओरडली, उड्या मारू लागली, एकमेकांवर पडली. पडद्यामागे मास्तर पोट धरून, तोंड उघडे टाकून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. आत झोपलेले जे कोणी होते ते एकदाचे जागे झाले.

कनातीच्या भोकाला बाहेरून एक डोळा लागलेला होता. डोळ्याच्या खाली लाल उपरणे गदगदत होते. खेळ सुटल्यावर व्यापारी गुरूंना बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "गुरुजी, आमचा... म्हणजे तो शेठ, चांगला निघाला हो शेवटी! उद्या मला आत बसता येईल का? एका कोपऱ्यात. गप्प."

"या की," गुरू म्हणाले. "पाट घेऊन या. पडद्याकडे पाठ करून बसा."

यात्रा उठली. बाहुल्या नदीत गेल्या नाहीत. गाडीत बसून नदी ओलांडून गेल्या. पेटीत सगळ्यांत वर शेठ होता. लक्षुबा गाडीवरून ओरडला, "मास्तर, पिपाणीला माणूस पायजेल हाय!" आणि मास्तरने त्याला चक्क हात केला.

त्या संध्याकाळी घरी भाकरी करपली. पाटावर बसलेल्या सगुणाने भाकरीकडे पाहिले नाही, आईकडेही पाहिले नाही. तिने वळून बापाच्या तोंडाकडे पाहिले. त्याला ते कळले. त्याने काळा पडलेला तुकडा मोडला, ताकात बुडवला, खाल्ला, आणि मग तोंडाने असा एक आवाज काढला की चुलीपुढे बसलेल्या बायकोच्या हातून उलथने पडले.

तुमच्या घरी जेव्हा मुलांना काय दाखवावे आणि काय दाखवू नये याचा खल चालेल, तेव्हा एकदा पडद्याकडे पाठ करून बसून पाहा. बराचसा खेळ तिथूनच दिसतो.