आधी सही की आधी स्टेशन?

नवऱ्याचं दुखणं बरं व्हावं म्हणून बोललेला नवस फेडायला कराडच्या वत्सलावहिनी दर संकष्टीला आपल्या जुन्या फियाटमधून म्हाताऱ्याकोताऱ्यांना टेकडीवरच्या गणपतीला नेत. पुढे त्यांचा जुन्या मोटारींचा अख्खा क्लबच नेऊ लागला.

एकदा अशा क्लबांच्या राष्ट्रीय संघटनेचे अध्यक्ष क्लबात आले. "आमच्यात सामील व्हा. मात्र गाड्या फक्त प्रदर्शनात उभ्या राहतील, माणसं बसवायची नाहीत. करा या करारावर सही, आणि मला स्टेशनवर सोडा!"

सगळे दिपून पेन शोधू लागले. वहिनी मात्र हसून म्हणाल्या, "भाऊसाहेब, आधी तुम्हाला सोडू, की आधी सही करू? सही झाली, की पाच किलोमीटर चालावं लागेल हो!"

अध्यक्ष खो खो हसले. ते कलम त्यांनी स्वतःच खोडलं, मगच क्लब सामील झाला.

बायांनो, सहीआधी तुम्हीही असंच गोडीनं एक विचारत जा.