कोंडाईचं कुरण

फार फार मागची गोष्ट. आमच्या हिवरवाडीच्या गायरानात तेव्हा गवताची काडी उरली नव्हती. ढोरं वाटेल तशी चारली, हिवर-धावड्याची झाडं चुलीत घातली, आणि मोकळ्या माळावर घाणेरीची विषारी, काटेरी झुडपं माजली. ती खाऊन गुरं मरायला लागली, तरी गाव आपलं पारावर बसून देवाला बोल लावतंय!

गावात कोंडाई नावाची एकटी बाई होती. घाणेरी खाऊन तिची गाय मेली तेव्हा तिनं कुदळ उचलली. फुलं धरायच्या आत एकेक झुडूप ती मुळासकट उपटायची. असं म्हणतात, तिच्या हाताला काटा कधी टोचला नाही. आमच्या शहाण्यांनी तिला वेडी ठरवलं. हिरवं उपटते म्हणे!

जुनं पवन्या गवत फक्त कड्याच्या कपारीत उरलं होतं. कोंडाई वानरासारखी चढली, होतं तेवढं सगळं बी ओटीत घेऊन आली आणि शेणमातीत कालवून माळावर टाकलं. पावसानं कृपा केली. श्रावणात माळ गुडघाभर हिरवा झाला, तुटल्या हिवरांना धुमारे फुटले, टिटवी परत आली.

कोंडाई दारोदार फिरली. "दिवाळीपातुर विळा लावू नका. बी पिकून खाली पडू द्या. कपारीतबी आता काय उरलं न्हाई, हे गेलं की गवत संपलं."

गणोजी पाटील हसले. "अगं, पोळ्याला बैलापुढं एक पेंढी टाकली तर कुरण बुडतंय होय?"

"तुमच्या एका पेंढीनं न्हाई बुडत, पाटील. पण तुमच्यासारखी शहाणी घरोघरी हायत."

पोळा आला. भर दुपारी कोंडाई नदीवर गेलेली बघून पाटील घोंगडीखाली विळा लपवून कुरणात शिरले. बघतात तर काय, अख्खं गाव तिथंच! सगळ्यांच्या काखेत विळे. "मी आपला सहज आलो होतो," जो तो म्हणायला लागला. लाजून माघारी फिरावं की नाही? पण नाही. दुसरा नेतोय तर मी का मागं राहू, असं म्हणून जो तो खाली वाकला. घटकाभरात माळ भादरून निघाला.

संध्याकाळी बैल सजले, वेशीत उभे राहिले. पुढ्यात हिरव्यागार पेंढ्या. असं म्हणतात, एकाही बैलानं तोंड लावलं नाही. माना खाली घालून उभे. मग माणसांच्याही माना खाली गेल्या. कुणाला कुणाकडं बघवेना.

तेवढ्यात कोंडाई माळावरून आली. तिनं शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं हो! ती एवढंच म्हणाली, "सणाचा दिस हाय. मुकी जित्राबं उपाशी नका ठेवू, पोळी तरी घाला." आणि चालत डोंगरापलीकडं गेली. पाटील मागं धावले, पण ती कुणालाच पुन्हा दिसली नाही.

पुढच्या पावसात माळ बोडका, नुसती लाल माती. फक्त वेशीपासून डोंगरापर्यंत एक हिरवी वाट उगवली, बाईमाणसाच्या पावलाएवढी रुंद. जिथं जिथं ती चालली, तिथं तिथं पवन्या. गाव ढसाढसा रडलं. त्या वाटेला बोरीचं कुंपण घातलं, पाटील स्वतः राखणीला बसले, बी पडू दिलं, वेचून पेरलं, घाणेरी उपटली. पाटलांचे केस पिकले तेव्हा कुठं कुरण भरलं.

आजही पोळ्याला बैल मिरवण्याआधी आम्ही कुरणाच्या कडेला जातो. विळे जमिनीवर ठेवतो. पहिला मान पाटलांच्या घराचा, मान कसला म्हणा! मग घरटी एकेक जण पुढं येऊन मोठ्यानं बोलतो, "मी एकच पेंढी नेली होती." दिवाळी झाल्याशिवाय विळ्याला हात नाही.

परवा एक नवी सून अडून बसली. "मी कुठं नेली? मी तर तेव्हा जन्मलेसुद्धा नव्हते."

सासू म्हणाली, "मीबी नव्हते. म्हण."




पोरीनं पदर सावरला, खाली बघितलं आणि म्हटलं.