येसूचा झोका

फार वर्षांपूर्वीची गोष्ट, मंडळी. आपल्या टेंभुर्लीची चिंच तेव्हा आत्ताच्या निम्मी होती. गावात येसू नावाची दोर वळणारी बाई राहायची. तिचा नवरा दाजिबा तापानं गेला, तेव्हा येसू अवघी एकोणीस वर्षांची. तिनं घायपाताचा वाख भिजवला, झोडला, वळला, पोट भरलं; पण हसू गेलं ते गेलंच. सासूला, ठकूबाईला, एकच घोर लागला. लेक तर गेला, आता ही पोरही आतल्या आत विझत चालली. तीन वर्षं येसूच्या तोंडून हूं की चूं निघालं नाही, असं म्हणतात.

नागपंचमी आली. गावानं चिंचेच्या झोक्याला येसूकडूनच दोर वळून घेतला. शहाणीच माणसं ती! दोर बांधून झाल्यावर त्यांना आठवलं, की दोर वळणाऱ्यानंच पहिला झोका घ्यायचा, ही तर आपलीच रीत. त्याशिवाय कोण आई लेकीला वर चढू देईल? दाजिबा होता तोवर दोर तोच वळायचा अन् तोच चढायचा; तो गेल्यावर त्याच्याच जुन्या दोरावर भागलं. आता येसू? विधवा बाई, अन् पंचमीचा झोका? माहेरवाशिणी नवी लुगडी नेसून ताटकळल्या.

येसू मागं सरकली, तशी ठकूबाई गर्दीतनं पुढं आली.

"दोर वळायला हिचे हात चालले, मग झोक्यावर पाय का चालत न्हाईत गं तुम्हाला? चढ, येसू."

"आत्याबाई, लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत की! लेक माझा गेलाय, लोकांचा न्हाई. चढ!"

म्हातारीनं स्वतः झोका दिला. पहिल्या हेलकाव्याला येसू फांदीला लागली, दुसऱ्याला शेंड्याला. तिसऱ्याला दोर लांबतच गेला, नदी खाली राहिली आणि येसू ढगात शिरली, असं म्हणतात. आत सगळा गार, ओला उजेड. तिथं तिला दाजिबा आठवला. झोक्यावर असाच उभा राहून तो खुळ्यासारखा ओरडायचा, "पक्का हाय रं दोर, माझी बायकू बी एवढी पक्की न्हाई!" आठवलं, पण छातीत कळ आली नाही. तिला खुदकन हसू फुटलं, मग थांबेचना. गावाला वाटलं, आभाळच हसतंय. दिवस कलला तरी ती उतरेना. ठकूबाई खाली बसून रडत होती आणि म्हणत होती, "राहू दे गं तिला. राहू दे."

येसू पुढं ऐंशी पंचम्या खेळली, असं म्हणतात. तुम्ही हिशेब घालत बसू नका.

अजूनही टेंभुर्लीत पंचमीचा पहिला झोका विधवा बाईचा. सासू नाहीतर जाऊ तिला झोका देते. बाकीच्या खाली थांबतात. आणि ती आपणहून उतरेपर्यंत "पुरे" म्हणायची कुणाची छाती नाही.